निळी वाट, तांबडी वाट

मैत्रिणींनो, गेल्या महिन्यात नागपूरच्या एका वाचक भगिनीचं पत्र आलं. पत्र कसलं, चांगली चार पानी कैफियतच म्हणा ना! त्यांचे मुलगा-सून झुरिचजवळ राहतात. येत्या जुलैत ह्या दोघी पतिपत्नी तिकडे निघाल्या आहेत. "सूनबाईंनी यंदा डोंगरी सायकल घेतली आहे," त्या लिहितात. "आम्ही गेलो की सगळ्यांनी आल्प्समध्ये चार दिवस राहायचं, आणि मुलगा, सून, बारा वर्षांचा नातू नि आठ वर्षांची नात डोंगरावरून सायकली हाणत खाली उतरणार, असा बेत ठरलाय. माझ्या पोटात आत्तापासूनच गोळा आला आहे. नको म्हणावं तर सासूपणा दिसतो, गप्प बसावं तर जीव राहत नाही. तिथे म्हणे वाटांना रंग दिलेले असतात. हे काय प्रकरण आहे, आणि मी काय करू?"

एरवी ह्या पानावर आपण तांदळातल्या किड्यांपासून तांब्याच्या भांड्यांपर्यंत बोलतो. सायकलींचा हा प्रश्न माझ्याकडे कसा आला, असं कुणाला वाटेल. पण ताई, पत्र बरोबर पत्त्यावर आलं आहे. माझी लेक तिकडेच असते. तीन उन्हाळे मी त्या डोंगरांच्या पायथ्याशी बाकावर बसून काढले आहेत, मांडीवर डबा आणि नजर वरच्या झाडीवर! त्यामुळे जे पाहिलं, नि जे चुकलं, तेच सांगते.

आम्ही जातो ते गाव लेन्त्सरहाइडे. झुरिचहून आगगाडीने सव्वा-दीड तासात कूर, आणि कूरहून पिवळ्या पोस्टाच्या बसने वळणं घेत घेत वर. समुद्रसपाटीपासून सुमारे १५०० मीटरवरचं हे गाव. मध्ये एक लहानसं तळं, भोवती देवदारासारखी सरळसोट झाडं, आणि तळ्याजवळूनच रोप-वेचे पाळणे रोटहॉर्न नावाच्या शिखराकडे निघतात. पहिल्या वर्षी मी तो पाळणा पाहिला आणि आ वासून उभी राहिले. माणूस आत बसलेला, नि सायकलही त्याच्याबरोबर वर चाललेली! हिवाळ्यात ह्याच पाळण्यांतून बर्फावर घसरायला लोक वर जातात. बर्फ वितळला की सायकलवाले. म्हणजे चढाचा घाम गाळायचा नाही, फक्त उतरायचं. माझं मेलीचं शिक्षण पुण्याच्या रस्त्यांवर लेडीज सायकलवर झालेलं. आमच्या वेळी चढावर उतरून सायकल ढकलायची, आणि उतारावर "ब्रेक धर गं" असं एकमेकींना ओरडायचं, एवढंच शास्त्र.

तर आता रंगांचं. हे रंग बर्फावरच्या घसरवाटांवरूनच आले आहेत. निळी वाट सोपी, तांबडी मध्यम, काळी अवघड. वाटेच्या तोंडाशीच पाटी असते, त्यामुळे चुकून काळीवर गेलो असं सहसा होत नाही. जाणकार मंडळी याहून बारीक मोजमाप करतात. एस शून्यापासून एस पाचपर्यंत सहा पायऱ्या असतात. शून्य म्हणजे मऊ माती, गवत, रुंद वळणं. एकमध्ये लहान मुळ्या, सुटे खडे, पाणी काढून द्यायला खणलेल्या आडव्या चरी. हे दोन्ही निळ्यात येतात. दोन म्हणजे तांबडी. हिच्यात मोठाल्या मुळ्या, दगड, लहान पायऱ्या आणि काही ठिकाणी असा उतार, की दहा मीटर पुढे गेलं तर सात मीटर खाली. तीनपासून पुढे सगळं काळं. तिथे वळण इतकं आखूड असतं, की मागचं चाक उचलून फिरवावं लागतं. ते पाहणंसुद्धा माझ्याने झालं नाही, मी डोळे मिटून घेतले.

ताई, सगळ्यात आधी हे मनातून काढून टाका, की आल्प्समधली सायकल म्हणजे कडेलोटच. तळ्याभोवतीची वाट सपाट आहे. तिथे तुमच्या वयाच्या बाया-माणसंही फिरताना दिसतील. रोप-वेच्या पायथ्याशी मातीचे लहान उंचवटे नि वळणं करून ठेवली आहेत, तिथे पोरं तासन्‌तास घुमत असतात. आठ वर्षांच्या नातीने पहिला दिवस तिथेच काढावा. त्यानंतर पाळण्याने अर्ध्या डोंगरावर, शार्मोइनला, म्हणजे १९०० मीटरवर जायचं. तिथून खाली यायला सायकलींसाठी मुद्दाम बांधलेल्या पाच वाटा आहेत. त्यांतली सोपी ती फ्लोलाइन. रुंद, गुळगुळीत, आणि वळणावर बाहेरच्या बाजूने माती चढवलेली. जत्रेतल्या मौत का कुव्यात मोटारसायकलवाला जसा भिंतीला चिकटून फिरतो ना, त्याचंच हे गरीब धाकटं भावंड. वेग बेताचा ठेवला तर सायकल आपसूक वळते. माझ्या लेकीने पहिलं आख्खं वर्ष ह्या एका वाटेवर काढलं, आणि तीही शिकवणाऱ्या बाईंच्या मागून.

त्याच डोंगरावर स्ट्रेटलाइन नावाची काळी वाटही आहे. २०१८ साली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा लेन्त्सरहाइडेलाच भरली होती. इंग्लंडच्या रेचल अॅथर्टनने उताराच्या शर्यतीचं पद तिथे जिंकलं, आणि घरच्या मैदानावर नीनो शुर्टर हा ह्याच मुलखातला गडी क्रॉस-कंट्रीत जिंकला. ऑलिंपिकचं सोनं त्याने आधीच, २०१६ साली रिओला मिळवलेलं. सांगायचा मुद्दा असा, की जगज्जेते आणि आठ वर्षांची पोर एकाच पाळण्यातून वर जातात. वर पोचल्यावर मात्र कोण कुठल्या पाटीकडे वळतं, त्यावर सगळं अवलंबून. आणि आमचं घोडं नेमकं तिथेच पेंड खाल्लं.

ते २०२३ साल. लेकीचं सायकलचं दुसरं वर्ष. जावईबापू लहानपणापासून सायकलवेडे, तांबडी वाट त्यांना अंगणासारखी. नातू अकरा वर्षांचा, त्याला भीती म्हणजे काय ते ठाऊकच नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी आभाळ निवळलं होतं, पण रात्रभर पाऊस झाला होता. नाश्त्याच्या टेबलावर जावईबापू म्हणाले, "अगं, आज तांबडी घेऊ या. निळी तू पाच वेळा उतरलीस, आता तिथे शिकायचं काय राहिलंय? जमेल तुला." नातू म्हणाला, "आई, चल ना, नाहीतर बाबाला तुझ्यासाठी थांबत बसावं लागतं." लेकीने माझ्याकडे पाहिलं. तिला नको होतं, हे मला त्या नजरेतच कळलं. मी तिची आई आहे, मला कळायचं नाही? आणि तरीही, मैत्रिणींनो, मी काय म्हणाले असेन? मी म्हणाले, "जा गं, सगळे जातायत तर."

का म्हणाले, ते मी नंतर पुष्कळ आठवून पाहिलं. जावयासमोर आपली मुलगी भित्री दिसू नये, हे एक. दुसरं म्हणजे इतक्या हौसेने आणलंय त्यांनी, आपल्या माहेरच्या माणसांमुळे विरस नको. आणि तिसरं खरं कारण म्हणजे जन्मभराची सवय. चार माणसं निघाली की बाईने पिशवी उचलून मागून निघायचं, एवढंच मला येत होतं, नि तेच मी तिला शिकवलं.

मी खाली बाकावर बसले. डब्यात दशम्या नि शेंगदाण्याची चटणी होती. आधी नातू आला, चिखलाने माखलेला, खूश. मग कुणीच नाही. दहा मिनिटं, वीस मिनिटं. नातवाचा फोन वाजला तेव्हा त्याचा चेहरा बघूनच माझे पाय गळाले.

ओल्या मुळीवर तिने घाबरून पुढचा ब्रेक आवळला होता. चाक सरकलं, आणि ती खांद्यावर आदळली. हसळीचं हाड मोडलं. तशी नशीबवान म्हणायची. डोकं शाबूत, मानेला काही नाही. जावईबापूंनी तिला जागेवरून हलवलं नाही, आपलं जाकीट पांघरलं, मदत येईपर्यंत तिच्याशी बोलत राहिले. तो माणूस वाईट नाही हो. संध्याकाळी हात झोळीत बांधून लेक खोलीवर आली, तेव्हा त्यांच्याच डोळ्यांत पाणी होतं. तिने मात्र रात्री मला एकटीला सांगितलं, "आई, मला नाही म्हणायचं होतं गं. पण मी नाही म्हटलं असतं तर माझ्यामुळे सगळ्यांचा दिवस फुकट गेला असता."

मी काय उत्तर देणार? तिचे केस विंचरून दिले, कारण तिला एक हात वर करता येत नव्हता. सहा आठवडे विंचरत होते.

पडलेली माणसं परत उठतात, ते मला तिथेच कळलं. लेकीने एकदा अंथरुणावर पडल्या पडल्या योलांडा नेफची गोष्ट सांगितली. ही स्वित्झर्लंडची नामांकित सायकलपटू. २०१९च्या डिसेंबरात अमेरिकेत सराव करताना इतकी जोराची पडली, की प्लीहा फाटली नि फुप्फुस बसलं. तिनेच २०२१ साली टोकियो ऑलिंपिकात सोनं जिंकलं, आणि रुपं-ब्राँझ तिच्याच देशाच्या दोघी मुलींना! मी म्हटलं, "म्हणजे तू पुन्हा जाणार तर." ती नुसती हसली.

गेली ती पुढच्या वर्षी. पण घरात आधी बोलणं झालं, आणि जावईबापूंनीच एक नियम काढला. चौघांनी मिळून जायचं असेल तर ज्याला सगळ्यात कमी येतं, त्याने वाट निवडायची. त्याला कुणी "जमेल तुला" म्हणायचं नाही. आणि ज्यांना अवघड हवी आहे त्यांनी आपली वेगळी फेरी मारायची, भेटायची जागा आधी ठरवून. हे इतकं सोपं आहे, की पूर्वी का सुचलं नाही म्हणून रागच येतो. त्याची गंमत तर अशी, की दावोसहून फिलिजूरपर्यंत सुमारे ४० किलोमीटरची एक लांब डोंगरवाट आहे, चांगल्या तयारीच्या लोकांसाठी. बापलेक त्या वाटेने गेले. बापाला मुलाचा अंदाज आता नीट आला होता, आणि हवाही कोरडी होती. आम्ही मायलेकी मात्र दावोसहून आगगाडीत बसलो नि थेट फिलिजूरला उतरलो. ह्या गाडीतून वीझनचा ८८ मीटर उंचीचा दगडी पूल लागतो. फिलिजूरजवळच लांडवासरचा पूल आहे, ६५ मीटर उंच नि कमानीसारखा वळत थेट बोगद्यात शिरणारा. १९०२ सालचं बांधकाम, आणि आता जागतिक वारशाच्या यादीत. आम्ही तो बघून, कॉफी पिऊन ताज्यातवान्या झालो, तेव्हा कुठे हे दोघे धुळीने भरलेले येऊन थडकले. कुणाचा दिवस फुकट गेला, सांगा बरं!

आता ताई, तुमच्या घरच्या बेताचं. सूनबाईंना "नको" म्हणू नका. त्यापेक्षा सहज बोलता बोलता विचारा, "तुम्ही कुठल्या रंगाची वाट घेणार, आणि ती कुणी ठरवली?" ह्या एका प्रश्नात सासूपणा नाही, नि सगळं कळतं. मुलाने ठरवली असं उत्तर आलं तर मुलालाच बाजूला घेऊन बोला. आपल्या मुलाचे कान धरायचा अधिकार आपल्याला असतोच. सूनबाईंनी नुकतीच सायकल घेतली असेल, तर निदान दोन दिवस शिकवणाऱ्याबरोबर काढायला सांगा. पैसे जातात, पण हाडाच्या उपचारापेक्षा कमीच जातात.

शिकवणाऱ्या बाई काय सांगत, ते ऐकून ऐकून मला पाठ झालं आहे. उतारावर सीटवर बसायचं नाही. दोन्ही पायडल एका पातळीत, टाचा खाली, गुडघे नि कोपरं सैल. दोन्ही ब्रेकवर एकेक बोट हलकं ठेवायचं. नजर चाकापुढच्या दगडावर नाही, पुढच्या वळणावर. माणूस जिथे पाहतो तिथेच सायकल जाते. ओल्या मुळीवर ब्रेक लावायचाच नाही. वेग आधीच कमी करायचा आणि मुळी आडवी ओलांडायची. हात दुखायला लागले की थांबायचं, कारण थकलेल्या हातात ब्रेक राहत नाही. आणि रात्री पाऊस झाला असेल, तर निळीसुद्धा तांबडी समजायची. हे शेवटचं माझं स्वतःचं, विकत घेतलेलं.

सामानात काटकसर नको. शिरस्त्राण हनुवटीसकट झाकणारं असावं, गुडघ्या-कोपरांना पट्टे, पूर्ण बोटांचे हातमोजे. सायकलीसकट हे सगळं तिथे भाड्याने मिळतं. मुलांना मोठ्या मापाचं, 'पुढच्या वर्षी होईल' असं शिरस्त्राण अजिबात घेऊ नये. शाळेच्या गणवेशाचा हिशोब इथे चालत नाही. जुलै-ऑगस्टात दुपारनंतर तिथे कडाक्याची वादळं येतात, म्हणून सकाळी लवकर निघावं आणि पाळण्याची शेवटची फेरी किती वाजता, ते आधी विचारून ठेवावं.

दोन गोष्टी कागदावर लिहून पाकिटात ठेवा. स्वित्झर्लंडात रुग्णवाहिकेचा नंबर १४४, आणि डोंगरातून हेलिकॉप्टरने सोडवणाऱ्या रेगा ह्या संस्थेचा १४१४. ही संस्था १९५२ पासून हे काम करते आहे. तिथे नोकरी करणाऱ्याला मालकाकडून अपघाताचा विमा असतो. आठवड्याला निदान आठ तास काम असलं की सुटीच्या दिवशीचा अपघातही त्यात येतो. मुलांचं नि घरी असलेल्या बाईचं आजारपणाच्या विम्यात बघावं लागतं. आणि तुम्ही दोघं मात्र पाहुणे. प्रवासाचा विमा काढताना 'साहसी खेळ वगळून' अशी बारीक ओळ आहे का, ते चष्मा लावून वाचा. यजमानांनी नुसतं तळ्याभोवती सायकल फिरवायची ठरवलं तरी वाचाच.

वाटेवर पायी चालणारेही असतात, आणि मान त्यांचा पहिला. सायकलवाल्याने वेग कमी करून, घंटा किंवा आवाज देऊन, "ग्रुएत्सी" म्हणत पुढे जायचं. ह्या मुलखात पायवाटांवर सायकलींना बहुतेक ठिकाणी मोकळीक आहे, म्हणून तर हे सौजन्य जास्तच पाळायचं. शेजारच्या ऑस्ट्रियात तसं नाही. तिथे १९७५च्या जंगल कायद्यामुळे, खुली केलेली वाट नसेल तर जंगलातल्या रस्त्यावरसुद्धा सायकल घालता येत नाही. तिकडे जाणार असाल तर आधी चौकशी करावी.

आणि गाई! आपण गाय दिसली की हात लावून नमस्कार करतो. तिथल्या कुरणांत वासरांसकट गाई मोकळ्या असतात, आणि वासराजवळ कुणी आलेलं त्या माउलीला खपत नाही. लांबून वळसा घालावा, वासराच्या पाठीवरून हात फिरवायचा मोह टाळावा, कुंपणाचं फाटक उघडलं तर आठवणीने लावावं. मेंढ्या राखणारे मोठे कुत्रे दिसले तर सायकलवरून उतरून शांतपणे चालत जावं.

घरी आल्यावरचं काम आपलंच, म्हणून तेही सांगते. चिखलाचे कपडे ओले असताना चोळू नका, डाग आत मुरतो. पूर्ण वाळू द्या, ब्रशने झाडा, मग थंड पाण्यात भिजवून साबण लावा. गादी लावलेल्या सायकलच्या चड्ड्या धुताना कपडे मऊ करायचं ते सुगंधी पाणी घालायचं नाही. त्याने गादीची घाम शोषायची ताकद जाते. गुडघ्यांचे पट्टे कोमट पाण्यात सौम्य साबणाने, आणि सावलीत वाळवायचे. खाण्यासाठी पोहे-शिरा नको, उतारावर पोट जड होतं. खजुराचे लाडू, दशम्या, मीठ-साखरेचं लिंबूपाणी. माझ्या नातवाचे स्विस मित्रसुद्धा आता "आजीचे ब्राउन बॉल्स" मागतात, ते हेच.

तुमच्यासाठी म्हणाल, तर पाळण्याने वर जा. वर खुर्च्या आहेत, ऊन आहे. आणि परत पाळण्यानेच खाली या. त्यालाही तिकीट लागतंच, मग संकोच कसला? गेल्या उन्हाळ्यात माझी लेक वरपर्यंत सायकल घेऊन गेली, पाटीपाशी दोन मिनिटं उभी राहिली, "आज नको वाटतंय" म्हणाली आणि सायकलीसकट माझ्याच पाळण्यात येऊन बसली. नातवाने विचारलं, "आई, बरं नाही का?" ती म्हणाली, "छान आहे की. उद्या बघू." तो "बरं" म्हणून एकटाच फ्लोलाइनवर वळला. खाली येईपर्यंत आम्ही दोघींनी डब्यातले उरलेले लाडू संपवले होते.

पुढच्या आठवड्यात सोलापूरच्या भगिनींनी विचारलेल्या ज्वारीच्या साठवणीबद्दल. तोवर पत्रं पाठवत राहा.